प्लास्टिकचं जनावर

आबाला मी साडेचार वर्षं खोटं सांगत होते, आणि ते खोटंही धड नव्हतं. परभणीच्या पशुवैद्यक कॉलेजात पहिल्याच वर्षी टेबलावर औषधात मुरवलेली म्हैस असते. मुलं तिच्याभोवती उभी राहून एकेक स्नायू सोडवतात, शिरा मोजतात. पहिल्या सुट्टीत घरी आले तेव्हा आबानं विचारलं, "जनावराच्या आतलं कसं शिकवतेत गं तुमाला?" मी भाकरी मोडत होते. वर न बघता म्हणाले, "प्लास्टिकचं जनावर असतं आबा. झाकण उघडायचं, आतडं बघायचं, परत लावून ठेवायचं." आबा खूश झाला. सरकारनं सोय चांगली केली म्हणाला.

आबा म्हणजे माझे आजोबा, किशनराव. वय ब्याऐंशी, दात चार, कान पक्के. आमचं गाव साखऱ्याच्या पुढं, माळाच्या कडेला. पूर्वी गावातलं मेलेलं जनावर ओढून नेणं हे आमच्या वस्तीचं काम होतं. कुणी विचारत नसे, नुसती आरोळी येत असे. सत्तावन्न साली आमच्या माणसांनी धम्म घेतला आणि ते काम सोडलं. पणजोबानं चौदा वर्षांच्या आबाला बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं करून म्हणवून घेतलं, मेल्या ढोराला हात लावणार न्हाई. महिनाभरानं गावातल्या एका बड्या घरचा बैल मेला. वस्तीतून कुणी गेलं नाही. बैल चार दिवस दारात पडून राहिला आणि गावानं आमचं काम, दळण, विहीर सगळं बंद केलं. सात महिने. त्या सात महिन्यांत आबाची आई गेली. दरवर्षी आबा ही गोष्ट आम्हाला सांगतो आणि ‘सात महिने’ म्हणताना थोडा थांबतो.

त्यामुळे माझा नंबर लागला तेव्हा तो वस्तीभर सांगत फिरला, "आमची पल्लवी जित्या जनावराची डाक्टर होनार." जोर सगळा ‘जित्या’वर. आता या माणसाला मी काय सांगणार? तिसऱ्या वर्षी आम्हाला पोस्टमॉर्टेम शिकवायला सुरुवात झाली. शेळ्या, म्हशी, गायी, मिळून तीस-चाळीस जनावरं मी या हातांनी उघडली असतील. आमचे सर म्हणायचे, जिवंत जनावर लपवतं, मेलेलं सगळं सांगतं. मला ते काम येत होतं, आवडतही होतं. घरी आले की मात्र मी फक्त लसी आणि इंजेक्शनं सांगायची. स्वतःचा राग यायचा, तो मी आईवर काढायची.

त्या ऑगस्टात मी चार दिवसांसाठी घरी आले होते. पावसानं पंचवीस दिवस दडी मारली होती. सोयाबीन दुपारी माना टाकत होतं. वडील वसमतला हळदीच्या मोंढ्यात हमालीला, ते आठवड्यानं येतात. घरी आबा, आई आणि धाकटा भाऊ रत्नपाल. रत्नपाल विश्वंभर गुरुजींच्या शेतात सालानं राहिला होता. गुरुजी म्हणजे गावातल्या महादेवाचे पुजारी. माणूस तसा मऊ, पण तोंडानं फटकळ. रत्नपालची पोलीस भरती जवळ आली होती, मैदानी परीक्षेला पंधरा दिवस उरले होते. तो पहाटे सेनगाव रोडला धावायला जायचा आणि शेतात पोचायला त्याला आठ वाजायचे. त्यावरून दोन दिवसांपूर्वी दोघांची बाचाबाची झाली. गुरुजी म्हणाले, "गाई उपाशी हंबरतात आणि तू शर्यती लाव." रत्नपालही तापट, आमच्याच घरचा. "तुमच्या गाई तुमीच सांभाळा मग," म्हणून आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेला, पण ते बोलणं चार जणांनी ऐकलं होतं.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींची गाय मेली. अर्ध्या तासात तिची कालवडही गेली. चंद्री नाव होतं गायीचं. पाय झाडले, धाप लागली, आडवी झाली, संपलं. रत्नपाल शेतात पोचला तेव्हा गुरुजी गायीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "काय घातलंस रे तिला?"

आदल्या दिवशी रत्नपालनं सोयाबीनवर तणनाशक मारलं होतं आणि संध्याकाळी बांधावरचं गवत कापून गोठ्यात टाकलं होतं. गावाला एवढं पुरे झालं. काही म्हणाले, फवारलेलं गवत आणलं. काही म्हणाले, मुद्दाम आणलं. आणि एक दोन म्हाताऱ्यांनी ते जुनं वाक्य बाहेर काढलं, की या वस्तीला जनावरं मारायची सवय पहिल्यापासूनची आहे, मांसासाठी. हे वाक्य मी पुस्तकात वाचलं होतं. आपल्या गावात, आपल्या भावाबद्दल ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

सकाळी अकराच्या सुमारास दोन माणसं आमच्या दारात आली. एक पोलीस पाटील अमृतराव. दुसरे तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर इंगोले. डॉक्टरांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. पंधरा दिवसांपूर्वी एका म्हशीनं तो, जनावर अडकवून तपासतात त्या खोड्याच्या लाकडावर दाबला होता. अमृतराव आबाला म्हणाले, "किशनराव, गुरुजी ठाण्याला कळवा म्हणून राहिले. मी डॉक्टर येईस्तोवर थांबवलं. पण डॉक्टरनं काही सांगितलं न्हाई, तर मला कळवावंच लागंल."

रत्नपाल उंबऱ्यावर बसला होता, सकाळचे धावायचे बूट अजून पायातच. एकदा नावावर गुन्हा पडला की भरतीच्या पडताळणीत काय होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. चार वर्षं तो त्या रस्त्यावर धावत होता.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "फाशीचा रोग, म्हणजे अँथ्रॅक्स, नाही. कानातलं रक्त काचेवर घेऊन मी दवाखान्यात बघून आलोय, त्यामुळे जनावर उघडायला हरकत नाही. पण माझा हात हा असा, आणि परिचर रजेवर. तू शेवटच्या वर्षाला ना? मी शेजारी उभा राहून सांगतो, सही माझी. चाकू तू धर. कॉलेजात पोस्टमॉर्टेम केलीयेत ना बरीच?"

बोलून गेले बिचारे. त्यांना काय माहीत.

आबा बाजेवर बसला होता. त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. "प्लास्टिकचं?" एवढंच म्हणाला.

मी खाली बघत होते. तो उठला आणि काठी न घेताच आत गेला. मी मागोमाग गेले. तो भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसला होता.

"आबा, मी खोटं बोलले."

"किती केले?"

"तीस-चाळीस."

"ह्याच हातानं?"

"व्हय."

बाहेर अमृतराव कुणाला तरी फोनवर थांब म्हणत होते. मग आबा बोलायला लागला ते माझ्याशी नाही, समोरच्या रांजणाशी बोलल्यासारखं.

"माझा बाप ढोर ओढून आनायचा, माय फाडायची. तिच्या हाताचा वास जाईना. राख लावायची, माती लावायची, लिंबाचा पाला चोळायची. मला घास भरवाया लागली की मी तोंड फिरवायचो. सहा-सात वर्साचं लेकरू मी, मला काय कळतं? चार वेळा फिरवलं, पाच वेळा फिरवलं. मंग तिनं भरवायचंच सोडलं. ताट फुडं सरकवायची अन् लांब बसायची." त्यानं तळहातानं तोंड पुसलं. "शपथ घेतली त्या दिशी मला धम्म-बिम्म काई कळत नव्हता पोरी. मला येवढंच कळलं, की आता मायच्या हाताचा वास जाईल. जायच्या आदी तीच गेली."

हे त्यानं कधीच सांगितलं नव्हतं. दरवर्षीच्या गोष्टीत हे नसायचं. मला रडू आलं, पण रडत बसायला वेळ नव्हता आणि ते मला तेव्हाही कळत होतं.

"आबा," मी म्हणाले, "तुम्ही जे सोडलं ते मी धरत न्हाई. गायीच्या पोटात काय गेलं ते गायीच्या पोटातच हाय, दुसरीकडं कुठंच न्हाई. ते मी काढलं न्हाई तर रत्नपाल जन्मभर गाय मारणारा राहील. तुमी न्हाई म्हनलात तर मी जाणार न्हाई. पण मग मी डाक्टर बी व्हनार न्हाई, सांगून ठेवते."

शेवटचं वाक्य मी रागानं बोलले. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला असं बोलायचं नसतं. आबानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. भिंतीला धरून उठला, डोक्याला रुमाल बांधला आणि काठी घेतली. "चल," म्हणाला. "मी बी येतो."

शेतात निम्मा गाव जमला होता. गाय पत्र्याच्या गोठ्यात पडली होती, पोट फुगून टम्म झालेलं, कालवड तिच्या पलीकडे. दुसरी जनावरं बांधतात त्या जागेवर मेलेलं जनावर उघडायचं नसतं, म्हणून डॉक्टर म्हणाले, "गाय तिकडं बांधाच्या कोपऱ्याला घ्या, तिथंच खड्डाही खणा."

कुणी हललं नाही. सगळे उभे राहिले आणि हळूहळू सगळ्यांचे डोळे एकाच बाजूला वळले. अमृतराव सहज म्हणाले, "रत्नपाल, धर रे दावं. घे ओढून." त्यात दुष्टावा नव्हता, मी त्यांचा चेहरा बघत होते. चहा आण म्हणावं तसं ते म्हणाले, आणि मला तेच जास्त लागलं.

रत्नपाल दाव्याकडे निघालाही. घाबरलेला माणूस सांगितलं ते करतो.

"बस खाली," आबा म्हणाला.

आवाज मोठा नव्हता. रत्नपाल जागच्या जागी बसला. आबा काठी टेकत गोठ्याच्या तोंडाशी गेला. "गुरुजी," तो म्हणाला, "गाय तुमची हाय. दूध तुमी प्यालात, पूजा तुमी केली. वडायची बी तुमीच. माझी नात बघायला आलीय, वडायला आमच्या घरचं कुनी आलं न्हाई."

गुरुजी आबाकडे बघत राहिले. मला वाटलं आता ते भडकतील आणि सगळं मोडेल. पण त्यांनी गायीच्या डोक्याखालून मांडी काढली, खांद्यावरचं उपरणं खुंटीला अडकवलं आणि स्वतः मागच्या पायांना दावं बांधायला लागले. गाठ नीट बसेना. सवय नव्हती. बांधून त्यांनी ओढलं, पण साडेतीनशे किलोचं धूड एका माणसाला हलत नसतं. ते तसेच ओढत राहिले, पाय घसरत होते. मग अमृतरावांनी टोपी खिशात घातली आणि दाव्याला हात लावला. मग आणखी चौघे आले. गाय सरकायला लागली. गोठ्यापासून बांधापर्यंत धुळीत तिचा माग उमटला. आबा शेजारून चालत होता, काठी टेकत, शेवटपर्यंत.

मी हातमोजे चढवले, डॉक्टरांचं एप्रन बांधलं. चाकू हातात घेतला आणि पहिला छेद दिला. मेलेल्या जनावराचं रक्त काळपट असतं. चंद्रीचं रक्त लालभडक निघालं. मी डॉक्टरांकडे बघितलं, त्यांनी नुसती मान हलवली. पोट उघडलं तसा वास आला. या वासाला पुस्तकात कडू बदामाचा वास म्हणतात. मी जन्मात कडू बदाम खाल्ला नाही, पण हा वास मला ओळखू आला.

"मोठ्यानं सांग," डॉक्टर म्हणाले. "सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

हे कोवळ्या ज्वारीतलं विष दिसतंय, असं मी मोठ्यानं सांगितलं. पण एक जण म्हणालाच, "तिचाच भाऊ, ती काय सांगणार?"

मी त्याला सुनावणार होते, पण डॉक्टर पुढे झाले. त्यांनी बॅगेतून बुचाची बाटली आणि पिवळ्या कागदाची पट्टी काढली. मी पोटातला चघळलेला चारा बाटलीत भरला. त्यांनी पट्टी आत लोंबती सोडून बूच लावायला मला सांगितलं आणि बाटली गुरुजींच्या हातात दिली. "तुम्ही धरा गुरुजी. मुठीत धरा, ऊब लागली पाहिजे. कागद पिवळा राहिला तर कोवळ्या ज्वारीचं विष नाही. विटेच्या रंगाचा झाला तर तेच विष. तणनाशकानं हा कागद बदलत नाही."

गुरुजी बाटली दोन्ही हातांत धरून उभे राहिले. माणसं जवळ सरकली. मी मधल्या वेळात चारा धुऊन एका पोत्यावर पसरला. बांधाचं बारीक गवत थोडंच होतं, तळाला. वर सगळी रुंद, कोवळी पानं.

कागद आधी कडेनं तांबूस झाला. मग मधे. रत्नपाल गुडघ्यांत मान घालून बसला होता, तो बघतही नव्हता. मी मनात म्हणत होते, हो, हो, अजून हो. दहा मिनिटं गेली असतील. पट्टी खालपासून वरपर्यंत विटेच्या रंगाची झाली.

पण गुरुजी बाटलीकडे बघतच नव्हते. ते पोत्यावरची पानं बघत होते.

"हे कडवळ आहे," ते म्हणाले. "कापून नेल्यावर खालून परत फुटलेलं. सकाळी मीच टाकलं." मग गोठ्याकडं बघत म्हणाले, "हा धावायला गेला होता. ती हंबरत होती. पाऊस नाही, महिनाभर तिला पोटभर हिरवं मिळालं नव्हतं. म्हटलं, खाऊ दे. दोघींना मीच भारा टाकला."

आणि ते खाली बसले. कडवळ म्हणजे चाऱ्याची ज्वारी. पाण्यावाचून खुरटलेली, कापल्यावर परत फुटलेली ज्वारी जनावराला घालू नये, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला कधी ना कधी कुणीतरी सांगितलेलं असतं. पण गुरुजींनी जन्मभर गाय पूजली होती, चारा टाकायला दुसरं कुणीतरी असायचं. मला त्यांची दया आली. ती येऊ नये असं वाटत होतं, तरी आली.

ते रत्नपालकडे वळले. त्यांनी हात जोडले. रत्नपाल म्हणाला, "राहू द्या गुरुजी." मला त्याचा असा राग आला. राहू काय द्यायचं? मी अमृतरावांना म्हणाले, "काका, डॉक्टर लिहून देतील त्या कागदावर पंच म्हणून तुमी सही करा. गुरुजींची बी घ्या. आणि मघाशी जे जे बोलले त्यांना हा कागद वाचून दाखवा, पारावर, मोठ्यानं." अमृतरावांनी सही केली. गुरुजींनीही केली. उरलेलं कडवळ कुणी जनावराला घालू नका, असं डॉक्टर सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते. खड्डा गुरुजींच्या माणसांनीच खणला.

आबा तोवर घरी निघून गेला होता. माझ्याशी काही न बोलता.

मी घरी येऊन दोनदा अंघोळ केली. साबण लावला, लिंबू चोळलं. हातमोजे असले तरी पोटाचा वास दोन दिवस बोटांना राहतो, हे कॉलेजातल्या प्रत्येकीला माहीत आहे. मेसमध्ये आम्ही चमच्यानं जेवतो आणि त्यावर हसतो. त्या संध्याकाळी मला हसू येत नव्हतं. आईनं भाकरी आणि अंबाडीची भाजी केली. एरवी आबाचं ताट मी वाढते. त्या दिवशी आईनं वाढलं आणि मी दाराशी जाऊन बसले, लांब.

आबानं भाकरी मोडली नाही. ताटाकडे बघत बसला.

"पल्लवी."

"काय आबा?"

"इकडं ये. हात दाव."

मी गेले. त्यानं माझा उजवा हात दोन्ही हातांत धरला, उलटा केला, सुलटा केला आणि नाकाशी नेला. मी हात ओढून घ्यायला बघितलं, त्यानं सोडला नाही.

"वास येतो," तो म्हणाला.

"व्हय आबा. दोन दिवस जात न्हाई."

आई चुलीपाशी थांबली होती. रत्नपाल कोपऱ्यात, बूट आता पायात नव्हते. आबानं ताट माझ्या बाजूला सरकवलं.

"भरव," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. मग मी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि घास त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं डोळे मिटले होते. माझी बोटं त्याच्या ओठांना लागली. त्यानं तोंड फिरवलं नाही. घास घेतला, चार दातांनी सावकाश चावला, गिळला, आणि त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"अजून दे माय," आबा म्हणाला.